गॅरेजची खोली केली, पण जमीन दर हिवाळ्यात ओली: पाणी कुठून येतं ते कसं शोधायचं आणि इन्सुलेशन कसं घालायचं

लक्षणं आधी सांगते, म्हणजे आपली तक्रार एकच आहे का ते लगेच कळेल. गॅरेज बंद करून खोली केली आहे. उन्हाळ्यात काही त्रास नाही. ऑक्टोबर सरला की कुबट वास यायला लागतो. सकाळी जमिनीवर पाय ठेवला की पायमोजा दमट लागतो. बाहेरच्या भिंतीलगत, स्कर्टिंगच्या वर काळे ठिपके उठतात. कोपऱ्यात टेकवून ठेवलेली बॅग उचलली की तिच्या तळाला पांढरट बुरशी असते. तुम्ही पुसता, रंग लावता, मार्च-एप्रिलमध्ये सगळं आपोआप वाळतं आणि पुढच्या नोव्हेंबरला पुन्हा तेच.

आमच्याकडे हे तीन हिवाळे चाललं. घर इंग्लंडमध्ये, रेडिंगजवळ, १९७०च्या दशकातलं, घराला चिकटून एकेरी गॅरेज. आई-बाबा सहा महिने राहायला येणार म्हणून त्याची खोली करून घेतली. ज्याला काम दिलं त्याने शटर काढून तिथे भिंत बांधली, जुन्या काँक्रीटवर २५ मिलिमीटर थर्माकोल अंथरला आणि वर लॅमिनेट ठोकलं. दिसायला खोली छान झाली. पहिल्या नोव्हेंबरात आईची गादी खालून काळी पडली. तिला दमा आहे, त्यामुळे ही गोष्ट मला फार लागली.

आईने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "अगं, ही जमीन पाझरते. आपल्या पडवीसारखी." मी ऐकलं नाही. डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल शोषणारं यंत्र, आणलं. दुसऱ्या हिवाळ्यात पायाला ऊब म्हणून जाड गालिचा घातला, तर ओल वाढली. तिसऱ्या हिवाळ्यात बाबांना व्हिडिओ कॉलवर कोपरा दाखवला. बाबांनी रत्नागिरीकडे घरबांधणीची कामं सांभाळण्यात हयात घालवली. ते म्हणाले, "तू पुसत काय बसलीस? पाणी खालून येतंय, बाजूने येतंय की हवेतून बसतंय ते आधी ठरव. तिन्हींना औषध वेगळं."

हे वाक्य मी पहिल्या वर्षी ऐकलं असतं तर दोन वर्षं आणि बरेच पैसे वाचले असते. म्हणून या लिखाणात सगळ्यात जास्त जागा तपासणीला देते आहे. इन्सुलेशन कसं घालायचं ते कुठलाही बरा कारागीर सांगेल. पाणी कुठून येतं ते शोधायला मात्र कुणी थांबत नाही.

एक शब्द आधी स्पष्ट करते. आपल्याकडे स्लॅब म्हटलं की छत डोळ्यांपुढे येतं. इथे जमिनीच्या काँक्रीटलाही स्लॅबच म्हणतात. घोटाळा नको म्हणून मी खालच्या काँक्रीटला कोबा म्हणते.

गॅरेजचा कोबा घराच्या कोब्यासारखा का नसतो

गॅरेज गाडीसाठी बांधलेलं असतं, आणि त्रासाचं मूळ तिथेच आहे. घरातल्या जमिनीखाली ओल अडवणारा प्लास्टिकचा पडदा असतो. त्याला इथे डीपीएम म्हणतात. जुन्या गॅरेजखाली तो असेलच असं नाही. भिंती बहुतेक वेळा एकेरी विटेच्या, मध्ये पोकळी नाही. कोबा घराच्या जमिनीपेक्षा साधारण १०० मिलिमीटर खाली असतो किंवा त्याला शटरकडे ढाळ दिलेला असतो, कारण सांडलेलं पेट्रोल घरात न येता बाहेर वाहून गेलं पाहिजे. हा ढाळ नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आमच्याकडे पाच मीटरमध्ये ४० मिलिमीटर निघाला.

कोब्याच्या कडा बाहेरच्या थंडीला थेट भिडलेल्या असतात. उष्णता जमिनीच्या मधून फार जात नाही, ती कडेने जाते. एकेरी गॅरेज लांबट आणि अरुंद असतं आणि बहुतेकदा त्याच्या तीन बाजू उघड्या असतात, म्हणजे क्षेत्रफळाच्या मानाने कडा खूप. बुरशी नेहमी भिंतीलगतच का उठते याचं उत्तर हेच आहे.

तपासणी

लॅमिनेट, गालिचा, थर्माकोल सगळं उचला. एखादा कोपरा उचलून भागत नाही. कोबा उघडा करून तीन-चार दिवस खोली नेहमीसारखी वापरा, हीटिंग चालू ठेवा.

मग जाड पारदर्शक प्लास्टिकचे साधारण अर्धा मीटर लांब-रुंद तुकडे कापा आणि कोब्यावर ठेवून चारही बाजू चिकटपट्टीने अगदी घट्ट बंद करा. एक तुकडा पुरत नाही. मी पाच लावले: जुन्या शटरच्या जागी एक, बाहेरच्या भिंतीलगत दोन, मध्यभागी एक, घराच्या दाराशी एक. दोन दिवस हात लावू नका.

उचलताना नीट बघा. थेंब प्लास्टिकच्या खालच्या बाजूला असतील किंवा खालचं काँक्रीट आजूबाजूपेक्षा काळवंडलं असेल, तर ओल कोब्यातून वर येते आहे. थेंब वरच्या बाजूला असतील आणि खाली कोरडं असेल, तर ते खोलीतल्या हवेतलं पाणी आहे, थंड जमिनीवर बसलेलं. एका घरात दोन्ही सापडू शकतात. आमच्याकडे शटरच्या जागेचा तुकडा खालून थबथबला होता, बाहेरच्या भिंतीलगतचे दोन वरून ओले आणि खालून जवळपास कोरडे, मधला आणि दाराशेजारचा कोरडा ठणठणीत. खोली एकच, पण ओली दोन, आणि दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तीन वर्षं कुठलाही उपाय पुरा का पडला नाही ते त्या दिवशी कळलं. प्रत्येक उपाय अर्ध्या दुखण्यावर होता.

यानंतर दोन आकडे घ्या. खोलीतली आर्द्रता साध्या हायग्रोमीटरने आणि जमिनीचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने. सकाळी उठल्या उठल्या घ्या, कारण तेव्हा जमीन सगळ्यात थंड असते. काँक्रीटवर हे थर्मामीटर बरोबर आकडा देतं, चमकत्या फॉइलवर चुकतं.

आकड्यांचा अर्थ असा. खोली २० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर १२ अंशांच्या किंवा त्याहून थंड पृष्ठभागावर दव धरतं. पण बुरशीला दव पडायची गरज नसते. पृष्ठभागाला चिकटलेल्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की तिला पुरतं, आणि याच खोलीत ती वेळ पृष्ठभाग साधारण १५ अंशांवर आला की येते. म्हणजे हाताला कोरडी लागणारी कडाही बुरशी धरू शकते. आमच्या कडेचा आकडा १० होता, मधला १५.

गालिच्याने ओल का वाढली तेही इथेच कळतं. गालिचा किंवा सैल अंथरलेला थर्माकोल खोलीची ऊब वरच अडवतो, त्यामुळे खालचा कोबा आणखी थंड पडतो. खोलीतली हवा मात्र सांध्यांतून आणि कडेच्या फटींतून खाली जातच राहते, आणि तिच्यातलं पाणी त्या थंड कोब्यावर बसतं. कडा आणि सांधे बंद न करता घातलेलं इन्सुलेशन ओल लपवून वाढवतं. आमच्या थर्माकोलचे तुकडे भिंतीपासून दोन-दोन बोटं दूर होते. त्या फटीतच काळी रेघ होती, फूटपट्टीने ओढावी तशी.

बाहेरून येणारं पाणी आधी थांबवा

शटरच्या जागची नवी भिंत बघा. पुष्कळदा ती कोब्याच्या जुन्या कडेवरच उभी केलेली असते आणि बाहेरचा ड्राइव्हवे कोब्याशी जवळपास सपाट असतो, कारण गाडी आत यायची असायची. पाऊस पडला की पाणी भिंतीच्या पायाशी उभं राहतं. भिंतीत ओल अडवणारा थर असतो, त्याला डीपीसी म्हणतात. बाहेरची जमीन त्याच्यापेक्षा निदान १५० मिलिमीटर खाली हवी. ती वर असेल तर आत काहीही घाला, विटा पाणी पीत राहतील. विटांना पांढरा लोणा फुटला असेल तर समजा की हे बरेच दिवस चालू आहे.

आम्ही भिंतीलगतचा ड्राइव्हवे एक फूट रुंदीने कापला, खाली नेला, तिथे जाळीचा चॅनल ड्रेन बसवला आणि त्याचं पाणी बागेतल्या शोषखड्ड्यात सोडलं. हे काम सप्टेंबरमध्ये झालं. आतल्या जमिनीला सहा आठवडे हात लावला नाही, नुसता वाळायला वेळ दिला. इथे घाई करू नका. ओल्या कोब्यावर सगळं बंद केलं तर ते पाणी कडेने वाट काढतं.

नवी भिंत पायाशिवाय उभी असेल, तडे गेले असतील, तर स्वतः काही करू नका, इंजिनिअरला दाखवा. आणि जुन्या काळ्या गोंदावर जुन्या टाइल्स असतील तर त्या खरवडू नका. ब्रिटनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ साली आली. त्याआधीच्या टाइल्समध्ये आणि गोंदात ते असू शकतं. आधी नमुना तपासून घ्या.

जमिनीचे थर, खालून वर

कोबा खरवडून साफ करा. तेलाचे डाग डीग्रीझरने काढा, नाहीतर लेव्हलिंग कंपाउंड, म्हणजे जमीन सपाट करायचं मिश्रण, तिथे धरत नाही. तीन मीटरची सरळ फळी आडवी धरून बघा. तिच्याखाली पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर वरचे बोर्ड डुगडुगणार. ढाळ भरून काढायला ओल सहन करणारं, जाड थराचं कंपाउंड मिळतं, तेच घ्या.

त्यावर डीपीएम. इंग्लंडच्या नियमांप्रमाणे निदान १२०० गेज, म्हणजे ३०० मायक्रॉन. सांधे एकमेकांवर चढवून टेप करा. आता सगळ्यात महत्त्वाचं. हा पडदा भिंतीशी कापू नका, भिंतीवर वर वळवा आणि डीपीसीपर्यंत न्या. आमच्या जुन्या कामात पडदा नव्हताच, पण मी नंतर पाहिलेल्या दोन खोल्यांत तो होता आणि भिंतीशी ब्लेडने नीट कापलेला होता, दिसायला छान म्हणून. ओल वर यायला तेवढी चीर पुरते. कोपऱ्यात पाकिटासारखी घडी घाला, कात्री लावू नका.

डीपीएमवर इन्सुलेशन. थर्माकोल, एक्सपीएस (थर्माकोलपेक्षा घट्ट फोम) आणि पीआयआर (दोन्ही बाजूंना फॉइल असलेले कडक फोमचे बोर्ड) असे तीन पर्याय बाजारात असतात. उंची कमी असते म्हणून गॅरेजमध्ये बहुतेक जण पीआयआर घेतात. त्याची उष्णतावाहकता ०.०२२ च्या आसपास, थर्माकोलची ०.०३८ च्या आसपास; आकडा जितका कमी तितकं इन्सुलेशन चांगलं. म्हणजे ७५ मिलिमीटर पीआयआर जे करतो त्यासाठी थर्माकोल १३० मिलिमीटर लागेल. इंग्लंडमध्ये जुनी जमीन अशी सुधारताना यू-व्हॅल्यू, म्हणजे जमिनीतून उष्णता किती निसटते त्याचं माप, ०.२५ पर्यंत खाली आणायची असते. आमच्या खोलीला ६० मिलिमीटर कसाबसा पुरत होता, म्हणून ७५ घातला. तुमचा आकडा खोलीच्या लांबी-रुंदीवर आणि किती कडा उघड्या आहेत त्यावर ठरेल.

बोर्ड विटांसारखे सांधे मोडून लावा. सांध्यांना फॉइल टेप. आणि भिंतीलगत, जमिनीच्या पूर्ण जाडीइतक्या उंचीची २५ मिलिमीटर पीआयआरची उभी पट्टी लावा. ही पट्टी माझ्या मते या कामातली सगळ्यात मोलाची वस्तू आहे, आणि नेमकी तीच वगळली जाते. तिच्यावाचून वरचा चिपबोर्ड थंड भिंतीला भिडतो आणि काळी रेघ परत येते. भिंतीला आतून इन्सुलेशन असेल तर ते या पट्टीला येऊन मिळालं पाहिजे, मध्ये बोटभरही उघडी वीट राहता कामा नये. उरलेल्या फटीत फोम भरा.

त्यावर ५०० गेजचं पातळ प्लास्टिक, कडेला वर वळवलेलं, म्हणजे खोलीतली दमट हवा खाली उतरत नाही. त्यावर २२ मिलिमीटरचा ओल सहन करणारा, पी-फाइव्ह शिक्क्याचा, खाचा-जिभांचा चिपबोर्ड. सांध्यांत भरपूर गोंद लावा, बोर्ड जोडताना तो बाहेर ओघळला पाहिजे. भिंतीपासून १० ते १२ मिलिमीटर जागा सोडा, लाकूड फुगतं तेव्हा त्याला जायला वाट हवी. ही फट स्कर्टिंगखाली झाकली जाते. स्कर्टिंग भिंतीला ठोका, जमिनीला नको.

चिपबोर्डऐवजी सिमेंट-रेतीचा थर घालता येतो. घरात तो इन्सुलेशनवर निदान ६५ मिलिमीटर लागतो. वजन आणि उंची परवडत असेल तर उत्तम, पण वाळायला दिवसाला साधारण एक मिलिमीटर आणि ५० मिलिमीटरनंतर त्याहून हळू. म्हणजे अडीच-तीन महिने वर काही अंथरायचं नाही. पीआयआरवर ओलं सिमेंट थेट ओतू नका, ते अ‍ॅल्युमिनियमची फॉइल खातं. मध्ये प्लास्टिक हवंच.

उंची पुरत नसेल तर दोनच वाटा: कोबा फोडून खाली जाणं, किंवा जितकी जाडी बसते तितकी घालून कडा बिनचूक करणं. माझा कौल दुसऱ्या वाटेला. ४० मिलिमीटर पीआयआर कडेच्या पट्टीसकट ७५ च्या अर्धवट कामापेक्षा जास्त टिकतो.

सुरुवात करण्याआधी तीन गोष्टी बघून घ्या. घराच्या बाकीच्या भागात लाकडी जमीन असेल तर तिच्याखालची हवा कधी कधी गॅरेजच्या बाजूच्या जाळीतून खेळते. ती जाळी नव्या जमिनीने बुजली तर घरातली लाकडं कुजतात, म्हणून पाइप घालून ती हवा बाहेर काढा. कॉर्नवॉल, डेव्हन, डर्बीशायरसारख्या भागांत जमिनीतून रेडॉन हा किरणोत्सारी वायू येतो, तिथे साधा डीपीएम पुरत नाही. आणि गॅरेजची खोली करताना प्लॅनिंगची परवानगी बऱ्याचदा लागत नसली तरी बिल्डिंग रेग्युलेशन्सची मंजुरी लागते. तिचा दाखला नसेल तर घर विकताना अडतं. शिवाय तपासनीस डीपीएम झाकण्याआधी येऊन बघतो, आणि आमच्यासारख्यांना त्या नजरेची गरज असते.

हवेतून बसणारी ओल

जमीन नीट झाली की कडा उबदार राहतात आणि हवेतल्या पाण्याला बसायला थंड जागा उरत नाही. तरी पाणी कुठेतरी जायला हवं. आपल्या घरात कुकर दिवसाला दोनदा होतो, डाळ उकळते, हिवाळ्यात कपडे घरातच वाळतात. मशीनभर कपडे वाळताना साधारण दोन लिटर पाणी हवेत सोडतात. ते गॅरेजच्या खोलीत वाळत घालू नका. खिडकीच्या चौकटीवरच्या बारीक झडपा थंडीमुळे आपण टेप लावून बंद करतो, त्या उघड्या ठेवा. आणि या खोलीतलं हीटिंग पूर्ण बंद करू नका. पाहुणे नाहीत म्हणून दार लावून घेतलेली खोली ही बुरशीची सगळ्यात आवडती जागा.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडंसं. पुण्या-नाशकात बंगल्याचं पार्किंग बंद करून खोली करतात, तिथे थंडीचं इन्सुलेशन हा मुद्दा नाही. खालून येणारी ओल हाच मुद्दा आहे, आणि डीपीएम, बाहेरची पातळी, भिंतीवर वळवलेला पडदा हे जसंच्या तसं लागू पडतं. कोकणात जूनच्या पहिल्या सरींनंतर फरशीला घाम येतो तो मात्र हवेतला. बाहेरची हवा उबदार आणि दमट, फरशी अजून गार. तेव्हा खिडक्या सताड उघडल्या तर घाम वाढतो. पंखा चालू ठेवा आणि फरशी हवेच्या तापमानाला येऊ द्या. प्लास्टिकचा तुकडा तिथेही हाच फरक दाखवील.

सगळं करूनही ओल राहिली तर

आमचं काम झाल्यावर आलेल्या जानेवारीत, बाहेर एक अंश असताना, मधली जमीन १९ आणि कडा १६ अंश होती. आई त्या खोलीत झोपली आणि गादी मी दर आठवड्याला उचलून बघत होते. कोरडी.

तुमच्याकडे खालून येणारी ओल उन्हाळ्यातही तशीच असेल, पावसाशी तिचा काही मेळ नसेल, किंवा एकाच जागी जमीन भिजत असेल, तर इन्सुलेशन घालण्याआधी पाण्याची पाइप तपासा. इंग्लंडमधल्या पुष्कळ घरांत मुख्य पाइप गॅरेजच्या कोब्याखालूनच आत येते. घरातले सगळे नळ, वॉशिंग मशीन, टाकी भरणं थांबवा आणि बाहेरच्या मीटरवरचा आकडा लिहून घ्या. अर्ध्या तासाने बघा. काटा हलला असेल तर आतला मुख्य स्टॉपकॉक बंद करून पुन्हा अर्धा तास थांबा. तरीही हलत असेल तर गळती मीटर आणि स्टॉपकॉकच्या मध्ये, म्हणजे बहुधा जमिनीखाली आहे. हीटिंगच्या पाइप कोब्यात पुरलेल्या असतील आणि बॉयलरचा दाब दर काही दिवसांनी उतरत असेल, तर गळती त्यांच्यात. अशा वेळी आधी प्लंबर बोलवा. पाइप दुरुस्त झाली की कोबा वाळू द्या, प्लास्टिकचे तुकडे पुन्हा लावा, आणि ते दोन दिवसांनी खालून कोरडे निघाले की मगच डीपीएम अंथरा.